परसबागेची राखण: तण कसं काढायचं, जनावरं कशी थोपवायची

आमचं घर औसा तालुक्यात, गावाच्या अगदी कडेला. मागं पाऊण गुंठा काळी जमीन. पहिल्या वर्षी मी तिथं वांग्याची चाळीस रोपं लावली, आळी केली, रोज तांब्यानं पाणी घातलं. दहाव्या दिवशी सकाळी फाटकाची सुतळी सुटली की कुणी सोडवली कोण जाणे, तीन शेळ्या आत शिरल्या. चहा उतू जाईल म्हणून मी गॅसपाशी थांबले होते. तेवढ्या वेळात चौतीस रोपांचे नुसते खुंट उरले. सहा वाचली, कारण ती लव्हाळ्यात दिसतच नव्हती.

त्याला आता बारा वर्षं झाली. नव्यानं परसबाग करणारे मला बियाणं आणि खत विचारतात. राखणीचं विचारायला येतात ते पहिली लावणी गेल्यावर. म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आधी पाणी कुठं जातंय ते बघा

होळी झाली की आपल्याकडं शिवार उघडं पडतं. हरभरा निघालेला, तुरी काढून झालेल्या, बांधावरचं गवतही वाळलेलं. अशा वेळी तुमचे दोन वाफे म्हणजे नजरेच्या टप्प्यातली एकमेव हिरवळ. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या मोरीच्या पाण्यावर अळूची चार पानं तग धरून होती. त्या चार पानांसाठी खारी आल्या, बुलबुल आले, मोकाट गाय आली आणि मोरीच्या कडेनं हरळीही आली. ओल असेल तिथं सगळे येतात, त्यात तणही आलं आणि तोंडंही आली.

म्हणून पहिली पायरी अशी: पाणी फक्त झाडाच्या मुळाला द्या. नळी धरून अख्खा वाफा भिजवला की झाडाबरोबर मधल्या रिकाम्या जागेतलं गवतही पोसलं जातं. घरगुती ठिबक संच बसवता आला तर उत्तम. नाहीतर भाजलेली, पण रंग न दिलेली, साधी पाझरणारी मडकी घ्या, गळ्यापर्यंत मातीत पुरा, पाणी भरून वर झाकणी ठेवा. एका मडक्याभोवती तीन-चार वेल किंवा रोपं लावता येतात. माझ्या बागेत मडकी आल्यावर खुरपणी निम्म्यावर आली. ये-जा करायची वाट कोरडीच ठेवा.

लावणीच्या आधीची दोन कामं

एप्रिल-मेमध्ये जागा रिकामी असेल तर ती वीतभर खोल खणून ढेकळं उन्हात तापू द्या. हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीतली ती पांढरी लांब मुळं, वेचून बाजूला टाका आणि कडक वाळू द्या. तुकडा ओल्या मातीत राहिला तर पुन्हा फुटतो. मग जमीन सपाट करा, चांगली भिजवा, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरा आणि चारी कडा मातीत दाबा. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. प्लास्टिक पारदर्शकच हवं, कारण ऊन आत जाऊन माती तापायला पाहिजे. मराठवाड्याच्या उन्हाचा एवढा फुकटचा उपयोग दुसरा नाही. वरच्या थरातलं तणाचं बी बरंचसं मरतं. हरळी आणि लव्हाळा मात्र यानं पूर्ण जात नाहीत.

दुसरं काम म्हणजे खोटी पेरणी. वाफा तयार करून पाणी द्यायचं आणि बी टाकायचंच नाही. आठ-दहा दिवसांत तणाची हिरवी साय येते. ती खुरप्यानं वरच्यावर खरवडून टाका, खोल खणू नका, नाहीतर खालचं बी वर येईल. नंतर खरी पेरणी करा. मेथी, कोथिंबीर, पालक यांना हे फार लागतं. कोवळी कोथिंबीर गवतातून निवडत बसणं म्हणजे तांदळातून खडे निवडण्यापेक्षा वाईट.

आणि शेणखत. माझ्या बागेत गाजर गवत आलं ते विकत घेतलेल्या शेणखतातून. ट्रॉलीवाल्यानं शपथेवर सांगितलं होतं की दोन वर्षं कुजलंय, पण हात घातला तर आत गरम. गरम खत म्हणजे कच्चं खत आणि कच्च्या खतात बी जिवंत असतं. चांगलं कुजलेलं शेणखत थंड, काळपट आणि भुसभुशीत असतं, त्याला शेणाचा वास येत नाही. तलावाचा गाळ आणला तरी हीच काळजी घ्या: एका कोपऱ्यात ढीग करा, पाणी मारा, काय उगवतं ते बघा आणि मगच वाफ्यात घ्या.

खुरपणी: कधी आणि कशी

काळ्या मातीत खुरपायचा दिवस चुकला की सगळं चुकलं. ओली असली तर चिखल पायाला धरतो, खुरपं फिरत नाही, आणि तुडवलेली माती वाळून विटेसारखी होते. पूर्ण वाळली तर भेगा पडतात आणि गवत वरून तुटतं. मधला काळ म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबा: गोळा झाला आणि बोटानं टिचकी मारल्यावर फुटला तर वाफसा आहे. पावसानंतर उघडीप मिळाली तर दोन-तीन दिवसांत तो येतो. त्या दिवशी बाकीची कामं सोडा.

तण दोन-चार पानांचं असताना काढलं तर दहा मिनिटांचं काम, फुलावर आल्यावर दोन तासांचं. टोमॅटो, वांगी, मिरची यांना लावणीनंतरचा पहिला महिना-दीड महिना जपायचं. पुढं झाडं पसरली की त्यांच्या सावलीत गवत आपोआप मागं पडतं.

सगळं तण मात्र सारखं नाही, आणि इथं नवे लोक फसतात.

लव्हाळ्याची गोष्ट सांगते. पहिल्या पावसाळ्यात मी बसून सगळा लव्हाळा उपटला आणि वाफा स्वच्छ केल्याच्या आनंदात हात धुतले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावरून बघत होत्या. "काय करायलीस? नुसतं वरून खुडायलीस व्हय? गाठ निघाली का बघ की." गाठ निघालीच नव्हती. पाचव्या दिवशी सगळीकडं पुन्हा हिरवे भाले. लव्हाळ्याच्या मुळाशी काळपट, सुपारीपेक्षा लहान गाठी असतात, एकीला दुसरी दोऱ्यानं जोडलेली. वरचं पान तोडलं की गाठ पुन्हा पान काढते. काळं प्लास्टिक अंथरलं तर त्याचं टोक ते भोकसून वर येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उपाय दोनच. वाफसा असताना कुदळीनं बाजूनं माती उचलून गाठींची माळच्या माळ बाहेर काढायची. आणि जे राहील ते दर दोन-तीन आठवड्यांनी, नवी गाठ धरायच्या आत, उपटत राहायचं. गाठीतला साठा संपायला दोन हंगाम लागतात. पॉवर टिलर फिरवू नका, तो माळ तोडून गाठी सगळ्या वाफ्यात वाटतो.

हरळीचंही तसंच, फक्त ती वाफ्यात कडेनं शिरते. वाफ्याभोवती वीतभर खोल चर ठेवा आणि त्यात आलेली टोकं छाटत राहा. एका कोपऱ्यात थोडी राहू द्या, गणपतीत दुर्वांसाठी गावभर फिरावं लागत नाही.

गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट काढा, आणि हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालूनच. अंगाला खाज येते, काहींना दम्याचा त्रास होतो. आपल्या देशात 1955 साली पुण्यात ते प्रथम दिसलं आणि आता बघा, एसटी स्टँडपासून स्मशानापर्यंत तेच आहे. एका झाडाला हजारोंनी बी धरतं, म्हणून फुललेलं झाड खताच्या खड्ड्यात टाकू नका. कुंपणाच्या बाहेर तरोट्याचं बी फेकून ठेवा, तरोटा दाट आला की गाजर गवताला जागा मिळत नाही. पावसाळ्यात गाजर गवताच्या पानावर पांढुरका, तपकिरी रेघांचा छोटा भुंगा दिसला तर त्याला मारू नका. तो मेक्सिकोतून आणलेला भुंगा आहे, 1984 साली बेंगळुरूला सोडला होता, आणि तो गाजर गवत खातो.

केना, घोळ, तांदुळजा, कुंजर, पाथरी, कुर्डू यांत तण आणि भाजी यांची हद्द कुठं आहे ते तुमच्या चुलीवर ठरतं. आत्याबाई खुरपताना दोन ढीग करतात, एक गुरांना, एक घराला. घोळीची भाजी मुगाची डाळ घालून केली की त्या दिवशी बाजार नाही. गटाराच्या पाण्यावरचं किंवा फवारलेल्या बांधावरचं मात्र घेऊ नका.

तणनाशकाबद्दल एकच सांगते: घराच्या बागेत नको. जागा लहान, वारं कुणाचं ऐकत नाही, आणि शेजारच्या वावरात मारलेल्या टू-फोर-डीच्या नुसत्या वाऱ्यानं टोमॅटोची पानं दोरीसारखी पिळवटलेली मी बघितली आहेत. मीठ टाकून गवत मारायचा सल्लाही ऐकू नका, त्या जागेत पुढं काहीच नीट येत नाही.

आच्छादन, आणि त्यातली एक अडचण

उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, वाळलेला पाला, जे मिळेल ते झाडांभोवती तीन-चार बोटं जाड पसरा. खोडापासून चार बोटं मोकळं ठेवा, नाहीतर खोड कुजतं. ऊन अडलं की तणाचं बी उगवत नाही आणि पाणी दोन दिवस जास्त टिकतं. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात याच्यासारखं दुसरं काही नाही.

पावसाळ्यात मात्र हेच पाचट शंखी गोगलगाईंचं माहेर होतं. 2022च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं कोवळं सोयाबीन त्यांनी कसं फस्त केलं ते आठवत असेल. म्हणून मी मृग लागला की आच्छादन गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकते आणि पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, नवं पसरते. मधले तीन-चार महिने खुरप्यावर काढायचे. आणखी एक, आच्छादनात हात घालायच्या आधी काठीनं हलवून घ्या. आमच्याकडं एकदा घोणस निघाली होती.

कोण येऊन गेलं ते ओळखा

जनावराचा बंदोबस्त करण्याआधी चोर कोण ते कळलं पाहिजे. शेळीसाठी लावलेलं कुंपण घुशीला काय करणार? सकाळी पाणी घालायच्या आधी बागेत एक फेरी मारा, ओल्या मातीत पाऊल उमटलेलं असतं.

शेंडे ओरबाडलेले आणि खाली लेंड्या असल्या तर शेळी. झाड मुळासकट हिसकलेलं आणि वाफा तुडवलेला, तर गाय किंवा म्हैस. माती नांगरल्यासारखी उकरली असेल तर डुक्कर. रोप वरून धडधाकट दिसतं, दुपारी एकदम माना टाकतं आणि जवळ ताज्या मातीचा ढिगारा असतो, तर घूस. पिकू घातलेला टोमॅटो एकाच बाजूनं कुरतडलेला, तर खार, चोच मारलेली भोकं असली तर बुलबुल. फांद्या मोडलेल्या आणि अर्धी खाल्लेली फळं इकडंतिकडं फेकलेली, तर वानरं, त्यांना वेगळा पुरावा लागत नाही. उगवलेलं वाटाण्याचं किंवा भुईमुगाचं रोप उपटून नुसतं टाकून दिलेलं असेल तर पाखरं किंवा मोर. पानाला वेडीवाकडी भोकं आणि बाजूला वाळलेला चकचकीत पट्टा म्हणजे गोगलगाय.

कुंपण

सगळ्यात स्वस्त कुंपण म्हणजे बोराटीची कुपाटी. बोरीच्या किंवा बाभळीच्या काटेरी फांद्या बुंधे आत आणि शेंडे बाहेर करून रचा, वरून दगड किंवा आडवं लाकूड दाबा. वर्षभर टिकते, मग वाळवी लागते. तिच्या आतल्या बाजूनं अडुळसा किंवा मेंदी लावून ठेवली तर कुपाटी कुजेपर्यंत जिवंत कुंपण तयार होतं. अडुळशाला शेळी तोंड लावत नाही. वेडी बाभूळ कुणी फुकट दिली तरी लावू नका, ती पुढं तुम्हालाच बागेबाहेर काढेल.

तारेची जाळी घेणार असाल तर पाच फूट उंच घ्या. शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहते, चार फुटांवरून तिची मान सहज आत येते. जाळीचा खालचा फूटभर भाग जमिनीत पुरा आणि बाहेरच्या बाजूला वळवून घ्या. डुक्कर आणि घूस कुंपणाला लागून उकरायला लागतात आणि तिथंच अडतात. पैसे कमी असतील तर उंचीत काटकसर करा, तीही आसपास शेळ्या नसतील तरच, पण या पुरलेल्या फूटभरात करू नका.

जुन्या साड्यांचं कुंपण रानडुकरांसाठी शेताभोवती लावतात ते तुम्ही पाहिलं असेल. परसातही चालतं, पण थोडेच दिवस. साडी हलते, तिला माणसाचा वास असतो, म्हणून जनावर बिचकतं. पंधरा दिवसांत सरावतं. कापणीच्या तोंडावर लावा, वर्षभर नको.

शेणकाला हा आमच्या आळीतला जुना उपाय. शेण पाण्यात पातळ कालवून गाळायचं आणि कुंपणालगतच्या झाडांच्या पानांवर शिंपडायचं. गुरं शेणाचा वास असलेल्या पाल्याला तोंड लावत नाहीत. पाऊस पडला की पुन्हा शिंपडावं लागतं. जी पानं तुम्हीच खाणार आहात त्यांवर मात्र नको.

विजेच्या तारेचा विचार मनात आला तर तिथंच सोडा. घरातल्या मीटरवरून सरळ करंट कुंपणात सोडणं गुन्हा आहे, आणि त्यात डुकरापेक्षा माणूस जास्त सहज सापडतो. पोरंटोरं चेंडू आणायला कुंपणावरूनच उड्या मारतात.

उडणारे, चढणारे, रांगणारे

पाखरांपासून पहिले पंधरा दिवस जपायचं असतं. पेरलेल्या वाफ्यावर तुराट्या आडव्या पसरून ठेवा आणि रोपं चार बोटं झाली की काढा. टोमॅटो पिकायला लागले की वरून जाळी टाका, पण ती ताठ ताणून चारी बाजूंनी बांधा. सैल लोंबणाऱ्या नायलॉनच्या जाळीत साप आणि पाखरं अडकून मरतात, आणि सोडवायला आपल्यालाच जावं लागतं. मार्चनंतर मी वाफ्यावर हिरवी शेडनेट लावते, उन्हापासूनही वाचतं आणि बुलबुलांपासूनही. बुजगावणं चालतं, पण तीन-चार दिवसांनी त्याची जागा आणि सदरा बदला, नाहीतर त्याच्याच डोक्यावर कावळा बसतो. पोपटांपासून मिरची सुरक्षित असेल असं समजू नका. मिरचीचा तिखटपणा पाखरांना जाणवतच नाही, तो आपल्याला आणि शेळ्यांना.

मोर आला तर हुसकवा, टाळ्या वाजवा, कुत्रं भुंकू द्या, त्यापुढं काही नाही. 1972च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पूर्ण संरक्षण आहे.

वानरांना थांबवणारा पक्का उपाय मला सापडलेला नाही. ती आवडीचं खाणं बघून येतात, म्हणून मी कुंपणाच्या कडेला त्यांना नको असलेलं लावते: कारली, हळद, आलं, लसूण, पुदिना, कढीपत्ता. शेंगा आणि टोमॅटो घराच्या भिंतीलगत, माणसांची वर्दळ असेल तिथं. फळ रंग धरायला लागलं की तोडून घरात पिकवा. त्यांना कधीही भाकरीचा तुकडा टाकू नका, एकदा टाकला की ती रोज हिशोब घ्यायला येतात. संभाजीनगर-नांदेडसारख्या शहरात गच्चीवर कुंड्या असतील तर कुंड्यांवर जाळीचा पिंजराच करावा लागतो.

घुशीसाठी संध्याकाळी सगळी बिळं ओल्या मातीनं बुजवा. सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. त्यांच्या तोंडाशी पिंजरा लावा, आत कांदाभजं. विष ठेवू नका, कोंबड्या, मांजर आणि लहान मूल यांतलं कोण आधी पोचेल ते सांगता येत नाही.

गोगलगाईंसाठी पावसाळ्यात संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्यात अंथरा. पहाटे उलटून बघा, खाली सगळी जत्रा भरलेली असते. पिशवी हातात घालून वेचा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. हे रोज, आठ दिवस. कडेची ओली माती हलवून साबुदाण्यासारखी पांढरट अंडी दिसली तर तीही काढा, एका घोसात शंभरावर असतात. वाफ्याभोवती कोरड्या चुन्याचा चार बोटं रुंद पट्टा ओढला तर त्या ओलांडत नाहीत, मात्र एक सर आली की तो पट्टा गेला. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या शेतात वापरतात, पण त्या कुत्र्यांनाही ओढतात आणि मारतात. घरी नको.

मांजर आणि कुत्रं यांचा राग येतो, कारण त्यांना ओला मऊ वाफाच झोपायला लागतो. तिथं पऱ्हाट्यांचे वीतभर तुकडे उभे खोचून ठेवा. कोंबड्यांचं सोपं आहे: रोपं गुडघाभर होईपर्यंत कोंबड्या कोंडा, नंतर सोडा. त्या किडे वेचतात, फक्त आच्छादन पुन्हा पुन्हा सारखं करावं लागतं.

शेजार

शेळ्यावाल्या काकूंशी मी पहिल्या वर्षी कडाक्याची भांडले होते. दुसऱ्या वर्षी खुरपून निघालेलं सगळं हिरवं गवत त्यांच्या दारात नेऊन टाकायला लागले आणि म्हणाले, "काकू, शेळ्या सोडताना एक हाळी देत जावा." आता त्या हाळी देतात. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, भज्जीसाठी त्यांना माझ्याकडून मेथी आणि वालाच्या शेंगा जातात, त्यांच्याकडून मला लेंडीखत येतं. लेंडीखत बारीक असतं, पण त्यातही बी असतं, वर्षभर कुजवून मगच घ्या.

फाटकाला आता लोखंडी कडी आहे. ती आतून बसवली आहे, बाहेरून उघडायची तर जाळीच्या फटीतून मनगट वाकवून हात आत घालावा लागतो. काकूंच्या थोरल्या शेळीनं दोनदा नाक घालून बघितलं, अजून तिला जमलेलं नाही.